खिशाला परवडेल त्याचाच रोबो?

विद्यार्थ्यांच्या रोबोटिक्स संघाचा खर्च तीन ठिकाणांहून भागतो: महाविद्यालयाने दिलेली रक्कम, सभासदांनी काढलेली वर्गणी, आणि बाहेरच्या प्रायोजकांनी दिलेला पैसा किंवा माल. मोठ्या शहरांबाहेर यांतली तिसरी वाट बहुतेक वेळा आधीच बंद धरली जाते. नंदुरबार जिल्ह्यातल्या लोणखेड्यासारख्या गावाबद्दल तर हे मत फारच ठामपणे मांडले जाते. इथे मोठ्या कंपन्या नाहीत; इथल्या संघावर नाव छापून प्रायोजकाच्या पदरात काही पडत नाही; मुलांनी पैशासाठी दारोदार हिंडणे शोभत नाही; आणि ज्या जिल्ह्यात अजून कुपोषणाशी झगडा चालू आहे तिथे यंत्रासाठी पैसे मागणे गैर आहे, असे चार मुद्दे त्यासाठी पुढे केले जातात. मग मुलांनी आपसांत वर्गणी काढावी आणि जेवढे जमेल तेवढे करावे, असा निष्कर्ष निघतो. हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि त्याचा भार ज्यांच्यावर पडतो ते विद्यार्थी या चर्चेला हजरही नसतात.

लोणखेडा शहाद्याला लागून आहे. पूज्य साने गुरुजी विद्या प्रसारक मंडळाच्या शैक्षणिक संकुलामुळे या गावाचे नाव तालुक्याबाहेर पोचले. कला-विज्ञान-वाणिज्यापासून अभियांत्रिकी आणि औषधनिर्माणशास्त्रापर्यंतचे शिक्षण मंडळामार्फत मिळते. या भागात शिकायला येणारा मुलगा किंवा मुलगी शहाद्याच्या बागायतदार घरातली असू शकते, तशीच तळोदा, अक्कलकुवा किंवा धडगावच्या डोंगरातून येऊन वसतिगृहात राहणारीही असू शकते. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेप्रमाणे त्यातली दोन तृतीयांशांहून अधिक लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, तीत महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांमध्ये नंदुरबारचे नाव होते. इथे कोणत्याही उपक्रमाचा पैसा कुठून येतो यावर त्यात कोण भाग घेणार हे ठरते. म्हणून हा विषय केवळ हिशेबवहीचा राहत नाही.

खर्च नेमका कशाचा, हे आधी पाहायला हवे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी देशातली सर्वांत परिचित स्पर्धा म्हणजे दूरदर्शनची रोबोकॉन. तिचा विजेता संघ आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियनच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत भारतातर्फे उतरतो. ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा २००२ मध्ये टोकियोत सुरू झाली, आणि महाराष्ट्राला तिची ओळख चांगली आहे: २००८ आणि २०१४ अशी दोनदा ती पुण्यात झाली. २००८ चा खेळ तर गोविंदा आणि दहीहंडी यांवर बेतलेला होता. २०२४ मध्ये यजमान व्हिएतनाम होते आणि विषय होता शेतीचा. यंत्रांनी भाताची रोपे लावायची, भरलेले दाणे आणि फोल दाणे यांच्या जागी ठेवलेले चेंडू वेगळे करायचे आणि चांगले तेवढे कोठारात टाकायचे. ऊस, कापूस, केळी आणि पपई पिकवणाऱ्या तालुक्यातल्या मुलांना हा विषय परका वाटण्याचे काही कारण नाही.

अशा यंत्राला ॲल्युमिनियमचे चौकोनी पाइप, गिअर असलेल्या डीसी मोटारी, मोटार ड्रायव्हर, लिथियम-पॉलिमर बॅटऱ्या, सेन्सर, मायक्रोकंट्रोलर बोर्ड, हवेवर चालणारे सिलिंडर आणि त्यांचे व्हॉल्व्ह, बेअरिंग, कपलिंग, वायर, कनेक्टर एवढे लागते. त्यात लेझर कटिंग आणि लेथवरचे काम धरावे लागते. नंदुरबारहून स्पर्धेच्या गावी जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा खर्च येतो. मोटार जळते, बोर्ड शॉर्ट होतो, पहिला आराखडा मोडून दुसरा करावा लागतो. हे सुटे भाग दुसऱ्यांदा घ्यावे लागतात, आणि अननुभवी संघाचे अंदाजपत्रक कोसळते ते इथेच. भाग किती दर्जेदार घ्यायचे यावर एकूण आकडा अवलंबून असतो, पण मनापासून उतरणाऱ्या संघाचा हिशेब हजारांत मावत नाही, लाखांत जातो.

समजा खर्च तीन लाख आहे आणि संघात वीस जण आहेत. महाविद्यालयाने एक लाख दिले तरी डोक्यावर दहा हजार येतात. शहाद्यात दुकान किंवा बागायत असलेल्या घरात त्यावर थोडी चर्चा होईल आणि पैसे मिळतील. वसतिगृहात राहून शिष्यवृत्तीवर शिकणारी धडगावची मुलगी त्या बैठकीला पुन्हा येणारच नाही. तिने नकार दिला असे कुणाला वाटणार नाही; तिला आवड नव्हती, एवढीच नोंद मागे राहील. जे राहतात त्यांच्यातही ज्याने जास्त भर घातली त्याच्या हाती रिमोट जातो आणि ज्याने मोटार आणली तो आराखड्यावर हक्क सांगतो. कौशल्य पाहून निवडायचा संघ ऐपत पाहून निवडला जातो, आणि हे कुणी ठरवून केलेले नसते. म्हणून प्रायोजक शोधणे हे ज्यांना परवडत नाही त्यांना संघात ठेवण्याचे काम आहे. ‘वर्गणी काढा’ हा सल्ला वरवर स्वावलंबनाचा वाटतो. त्यातून प्रत्यक्षात प्रवेशशुल्क उभे राहते.

‘इथे कंपन्या नाहीत’ हा पहिला मुद्दा मांडताना बोलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सीएसआर असतो. सामाजिक दायित्वाच्या या पैशाबद्दल जितका गैरसमज आहे तितका क्वचितच दुसऱ्या कशाबद्दल असेल. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीची निव्वळ संपत्ती ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून जास्त आहे, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे. त्याच कलमात कंपनीने आपले काम चालते त्या परिसराला प्राधान्य द्यावे असेही म्हटले आहे. तेव्हा चाकणची कंपनी चाकणकडे आधी पाहणार. लोणखेड्याचे पत्र तिथे मागे पडले तर त्यात पत्र लिहिणाऱ्याचा काही दोष नाही.

त्याहून महत्त्वाची एक गोष्ट बहुतेक संघांना ठाऊकच नसते. सीएसआर नियमांच्या व्याख्येतूनच, आपल्या मालाच्या किंवा सेवेच्या विपणनाचा फायदा मिळावा म्हणून दिलेले प्रायोजकत्व वगळलेले आहे. म्हणजे ‘आपले बोधचिन्ह आमच्या रोबोवर ठळक लावू, आपला सीएसआर निधी द्यावा’ हे वाक्य ज्या पत्रात आहे ते पत्र स्वतःचीच मागणी खोडून काढते. कंपनीतला जाणकार माणूस ते वाचतो आणि बाजूला ठेवतो. शिवाय सीएसआरचा पैसा ज्या संस्थेमार्फत खर्च होतो तिची आयकर नोंदणी आणि १ एप्रिल २०२१ पासून कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची सीएसआर-१ नोंदणी लागते. विद्यार्थ्यांच्या संघाला असे स्वतंत्र अस्तित्व नसते. जे असते ते त्याच्या संस्थेचे. जाहिरातीसाठी मिळणारा पैसा कंपनीच्या विक्री किंवा विपणन विभागाकडे असतो. तिथले दार वेगळे, माणूस वेगळा आणि बोलणेही वेगळे. ‘कंपन्या पैसे देत नाहीत’ अशी तक्रार करणाऱ्या संघाने बहुधा चुकीच्या दारावर थाप मारलेली असते.

उरली गोष्ट इथल्या मोठ्या संस्थांची. शहादा तालुक्याचे अर्थकारण ज्यांनी घडवले त्या संस्था कंपन्या नाहीतच. पुरुषोत्तमनगरचा सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखाना ही सहकारी संस्था आहे, आणि तालुक्यातल्या सूतगिरणीची, पतसंस्थांची, विविध कार्यकारी सोसायट्यांची ओळखही सहकाराचीच. कारखाना आणि लोणखेड्याचे शिक्षण मंडळ या दोन्हींशी पी. के. अण्णा पाटील यांचे नाव जोडलेले आहे. साखर आणि शाळा एकाच पिढीने, एकाच विचाराने उभ्या केल्या. सहकारी संस्थेला कंपनी कायद्याचे कलम १३५ लागू होत नाही. इथे थांबून ‘म्हणजे मार्ग बंद’ असे म्हटले जाते, आणि ते चूक आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ६९ मध्ये राखीव निधी आणि शिक्षण निधीची तरतूद केल्यानंतर निव्वळ नफ्याच्या २० टक्क्यांपर्यंत रक्कम सार्वजनिक प्रयोजनासाठी बाजूला काढण्याची मुभा आहे. त्यासाठी अधिसूचित संघीय संस्थेची मान्यता लागते. कंपन्यांवर दोन टक्क्यांची सक्ती येण्याआधी पन्नासहून अधिक वर्षे ही तरतूद महाराष्ट्राच्या कायद्यात होती. नफा असेल तरच ती वापरता येते, आणि निर्णय संचालक मंडळाचा असतो. पण त्या संचालक मंडळापर्यंत पोचण्यासाठी लोणखेड्याच्या विद्यार्थ्याला मुंबईची गाडी पकडावी लागत नाही. संचालकांपैकी कुणाचा तरी ऊस त्याच्याच शिवारात उभा असतो.

आता दुसरा मुद्दा, फायद्याचा. लोणखेड्याच्या संघावर नाव छापून बहुराष्ट्रीय कंपनीला काही मिळत नाही, हे खरे आहे. पण त्यावरून कुणालाच काही मिळत नाही असे ठरत नाही. शहाद्याच्या बाजारात मोटार रिवाइंडिंग करणारे आहेत, ठिबकचे साहित्य विकणारे आहेत, ट्रॉली आणि नांगर बनवणारी फॅब्रिकेशनची दुकाने आहेत, सरकत्या खिडक्या बसवणारे ॲल्युमिनियमवाले आहेत. त्यांचे गिऱ्हाईक पंचक्रोशीतलेच आहे. दिल्लीच्या क्रीडागारात नाव झळकण्यापेक्षा महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात, कृषी प्रदर्शनात किंवा सारंगखेड्याच्या यात्रेत आपल्या नावाचे यंत्र चालताना दिसणे त्यांच्या दृष्टीने मोलाचे ठरते. दत्तजयंतीला भरणाऱ्या सारंगखेड्याच्या घोडेबाजारात, गणेशोत्सवात आणि कबड्डीच्या सामन्यांत हेच व्यापारी कमानी आणि फलक लावतात. पैसा आहे, देण्याची सवय आहे, नाव लावण्याची हौसही आहे. त्यांच्यापुढे रोबोटिक्सची मागणी नीट मांडलेली नसते, एवढीच उणीव आहे.

नीट मांडणे म्हणजे काय, ते पत्रावरून कळते. रूढ पत्रात महाविद्यालयाची परंपरा, विद्यार्थ्यांची जिद्द, तंत्रज्ञानाचे महत्त्व आणि शेवटी ‘यथाशक्ती सहकार्य करावे’ एवढे असते. दुकानदाराला त्यातून काय द्यायचे ते समजत नाही, म्हणून तो पाचशे एक रुपये देतो आणि पत्र गल्ल्यात ठेवतो. दुसरे पत्र असे असू शकते: ‘चाकांच्या आसांसाठी ६०८ क्रमांकाची सोळा बेअरिंग हवीत, आतला व्यास ८ मिलिमीटर, बाहेरचा २२. चार वापरताना खराब होतील असे धरले आहे. स्पर्धेनंतर यंत्र महाविद्यालयात राहील आणि आपण सांगाल त्या दिवशी आपल्या दुकानासमोर चालवून दाखवू.’ हे पत्र वाचणारा माणूस मागचे कपाट उघडतो. ६०८ त्याच्याकडे नसेल तर ते कुठे मिळेल हे तो सांगतो, फोन लावून देतो, आणि बरेचदा त्याच वेळी विचारतो की एवढ्या वजनाला हे बेअरिंग टिकेल का. तो प्रश्न रोख रकमेपेक्षा मोलाचा आहे, कारण त्यातून आराखड्यातली चूक यंत्र बनण्याआधी सापडते.

खिडक्या बसवणाऱ्याकडे कापून उरलेले ॲल्युमिनियमचे सेक्शन पडून असतात. ते भंगाराच्या भावाने जाणारच असतात. लेथवाल्याला एक कपलिंग फिरवून द्यायला फार वेळ लागत नाही. वस्तूच्या आणि श्रमाच्या रूपाने आलेली ही मदत हिशेबात बाजारभावाने लिहिली, तर अंदाजपत्रकाचा मोठा भाग तालुक्यातच सुटतो. बाहेरून आणायच्या राहतात त्या मोटारी, बॅटऱ्या आणि बोर्ड. रोख पैसा त्यांच्यासाठी आणि प्रवासासाठी राखता येतो. संगणकीय आरेखनाची आणि विश्लेषणाची महागडी सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना मोफत किंवा नाममात्र दरात देण्याच्या योजना त्या कंपन्यांकडे असतात. तेही प्रायोजकत्वच आहे, आणि ते मिळवताना गाव कोणते हे कुणी विचारत नाही.

मागण्याची वेळ हीसुद्धा इथली इथेच ठरवावी लागते. पुण्यातले संघ कंपन्यांचे आर्थिक वर्ष पाहून एप्रिलच्या आसपास धावपळ करतात. शहाद्याच्या बाजारात एप्रिल ते जुलै हा खर्चाचा काळ असतो. शेतकऱ्याचा पैसा बियाणे-खतात गुंततो आणि दुकानदाराची उधारी वाढते. कापूस घरात आल्यावर, ऊसतोड सुरू झाल्यावर, पपईच्या गाड्या उत्तरेकडे निघाल्यावर बाजाराच्या हातात पैसा खेळतो. दिवाळीनंतरचे महिने मागण्याचे आहेत. रोबोकॉनचा पुढचा विषय त्याआधी जाहीर झालेला असतो, म्हणजे आराखडा आणि मागणी बरोबरीने पुढे नेता येतात.

तालुक्याबाहेर पण नात्यातला असा आणखी एक वर्ग आहे. खानदेशातून कामासाठी सुरतेला गेलेल्यांच्या वस्त्या उधना आणि लिंबायत भागांत कित्येक दशकांपासून आहेत. नाशिक, पुणे आणि चाकणच्या कारखान्यांतही इथले माजी विद्यार्थी आहेत. त्यांच्यातला एखादा मोठ्या पदावर असेल तर कंपनीच्या विपणन विभागाचे दार तोच दाखवू शकतो. परदेशात असलेल्यांबाबत मात्र सावधगिरी हवी: भारतीय पारपत्र असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परकीय योगदान ठरत नाही, पण परदेशी नागरिकत्व घेतलेल्याची ठरते, आणि ती घेण्यासाठी संस्थेची परकीय योगदान कायद्याखाली नोंदणी लागते.

तिसरा मुद्दा आहे शोभण्या-न शोभण्याचा. मुलांनी यंत्र करावे, पैशाच्या मागे लागू नये. त्यात अभ्यासाचा वेळ जातो आणि हात पसरण्याची सवय लागते, असे त्याचे रूप. वेळेबद्दलचा आक्षेप अभ्यासक्रमच खोडून काढतो. अभियांत्रिकी पदव्यांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅशनल बोर्ड ऑफ ॲक्रेडिटेशनने विद्यार्थ्यात ज्या क्षमता आल्या पाहिजेत असे ठरवले आहे, त्यांत प्रकल्प व्यवस्थापन आणि वित्त यांचा स्वतंत्र उल्लेख आहे. ही क्षमता वर्गात शिकवून येत नाही. अंदाजपत्रक करणे, ते दुसऱ्याला पटवणे, मिळालेल्या पैशात भागवणे, हिशेब देणे, यांतूनच ती येते. अमेरिकेत १९८९ मध्ये डीन केमन यांनी स्थापन केलेल्या ‘फर्स्ट’ या संस्थेच्या मुख्य शालेय स्पर्धेत संघाची नोंदणीच हजारो डॉलरची असते, आणि ती सधन देशातल्या शाळांनाही सहज झेपत नाही. तिथले संघ गावातल्या कारखान्यांकडे जातात, नासासारखी संस्था काही संघांचे शुल्क भरते, आणि चांगल्या व्यवसाय-आराखड्याला त्या स्पर्धेत कित्येक वर्षे वेगळा पुरस्कार दिला जात असे. पैसा उभारणे हा त्यांनी कमीपणा मानला नाही, त्याला स्पर्धेचे अंग मानले.

हात पसरण्याचा आक्षेप महाराष्ट्रात तर उभाच राहू नये. अंताजी दामोदर काळे या शिक्षकाने देशी उद्योगांसाठी माणशी वर्षाला एक पैसा गोळा करायची कल्पना मांडली, लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले, आणि त्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला. भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेला खेड्यापाड्यांतून मूठमूठ धान्य मिळाले. धोंडो केशव कर्वे आयुष्यभर देणग्या मागत फिरले. सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० मध्ये पंधरा लाख रुपये देऊ केले आणि कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला आपल्या आईचे नाव द्यावे असे सुचवले, तेव्हा ते नाव लागले आणि विद्यापीठही स्थिरावले. यांपैकी कुणाची प्रतिष्ठा मागण्यामुळे कमी झाली नाही. लोणखेड्यातली शिक्षणसंस्था ज्यांच्या नावाने आहे त्या साने गुरुजींच्या पिढीला लोकांपुढे जाऊन काम सांगणे हा लोकशिक्षणाचाच भाग वाटत होता. दारोदार जाणारी मुले लाचार होतात ती मागितल्यामुळे होत नाहीत. काय मागायचे, कशासाठी आणि बदल्यात काय द्यायचे हे त्यांना कुणी सांगितलेले नसते म्हणून होतात.

ते सांगणे संस्थेचे काम आहे, आणि प्रत्यक्षात सगळ्यांत जास्त अडते ते इथेच. विद्यार्थ्याच्या वैयक्तिक खात्यावर किंवा यूपीआय क्रमांकावर पैसे मागितले की जबाबदार माणूस मागे सरतो, आणि त्याचे बरोबर असते. सार्वजनिक कामासाठी लोकांकडून पैसा गोळा करण्यावर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचे बंधन आहे. गणेश मंडळे वर्गणीसाठी कलम ४१-क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घेतात ती याचमुळे. संघ स्वतःच्या नावाने पावतीपुस्तक छापू लागला तर तो त्याच बंधनात येतो. शिक्षणसंस्था मात्र आधीच नोंदलेला विश्वस्त न्यास असते. तिच्या हिशेबात रोबोटिक्ससाठी एक वेगळे खाते-शीर्ष उघडायचे, संस्थेची पावती द्यायची आणि खर्चाची मंजुरी मार्गदर्शक शिक्षकाच्या सहीने आठवड्याच्या आत होईल अशी व्यवस्था करायची, एवढे केले की प्रश्न सुटतो. संस्थेकडे आयकराची ८०-जी मान्यता असेल तर देणगीदाराला सवलत मिळू शकते. दोन हजारांवरची रोख देणगी त्यात धरली जात नाही, हे पावती फाडतानाच सांगावे.

देणगी आणि जाहिरात यांतली रेघही संस्थेनेच आखून द्यावी. वस्तू व सेवा कराबाबत ऑक्टोबर २०१९ मध्ये निघालेल्या परिपत्रकाने हा प्रश्न बराच सोपा केला आहे. देणगीदाराचे नाव केवळ कृतज्ञतेने लावले आणि त्यात त्याच्या व्यवसायाची जाहिरात नसेल, तर त्या देणगीवर कर लागत नाही. दुकानाचा पत्ता, मालाचे नाव, ‘आजच भेट द्या’ असा मजकूर आला की ती सेवा ठरते आणि कराचा विचार करावा लागतो. कोणाला काय हवे ते आधी विचारून, देणगी असेल तर देणगीची पावती आणि जाहिरात असेल तर त्याप्रमाणे बिल, असे दोन वेगळे रस्ते ठेवले की लेखापरीक्षणात अडचण येत नाही. स्पर्धेच्या नियमपुस्तकात यंत्रावर आणि गणवेशावर नाव लावण्याबाबत काय म्हटले आहे, तेही आश्वासन देण्याआधी वाचावे.

राहिला चौथा आक्षेप, आणि चारांत तोच वजनदार आहे. नंदुरबार जिल्ह्यात बालकांचे कुपोषण आहे, कामासाठी गुजरातकडे होणारे स्थलांतर आहे, सातपुड्यातल्या पाड्यांवर दवाखाना गाठणे अजून सोपे नाही. अशा ठिकाणी रोबोसाठी पैसा मागणे म्हणजे चैन, असे म्हणणाऱ्याच्या मनात जिल्ह्याबद्दल कळकळ असते आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. त्याचे एक म्हणणे मान्यच करायला हवे: सीएसआर, जिल्हा नियोजनाचा निधी किंवा सार्वजनिक आरोग्याकडे जाऊ शकणारा कोणताही पैसा रोबोटिक्स संघाने मागू नये. त्या पैशावर धडगावच्या अंगणवाडीचा हक्क आधी आहे. पण बेअरिंगच्या दुकानातली सोळा बेअरिंग, खिडकीवाल्याचे तुकडे, विक्री विभागाचा जाहिरातखर्च, सुरतेच्या माजी विद्यार्थ्याने दिलेले पाच हजार, यांतले काहीही अंगणवाडीकडे जाणार नव्हते. ते कमानीकडे आणि फलकाकडे जात होते. त्यातला वाटा शिक्षणाकडे वळवल्याने कुणाच्या ताटातला घास कमी होत नाही.

या आक्षेपाला दुसरीही एक बाजू आहे. मागास जिल्ह्याने आधी पोट भरावे आणि यंत्रे मग शिकावीत, असा क्रम इतर कुणी आखून देऊ नये. केंद्र सरकारने २०१६ पासून अटल टिंकरिंग प्रयोगशाळांसाठी शाळांना वीस लाखांपर्यंत अनुदान द्यायला सुरुवात केली. शाळेतल्या मुलांच्या हाती सेन्सर आणि सर्किट द्यायला हरकत नसेल, तर अभियांत्रिकीच्या वर्गात बसलेल्या त्याच मुलांना मोटार मागू नका असे सांगण्यात सुसंगती नाही. आणि मोटार मिळाली नाही तर मागे राहते ती वसतिगृहातली मुलगी. गरिबीचे कारण देऊन प्रायोजकांचा रस्ता बंद केला, तर गरीब विद्यार्थीच आधी बाहेर पडतो.

प्रायोजक मिळाल्यावरचे काम मिळण्याआधीच्या कामाइतकेच असते, आणि ते सहसा राहून जाते. स्पर्धेत संघ पहिल्या फेरीत बाद झाला की मुले शरमेने दुकानदाराकडे फिरकत नाहीत, आणि पुढच्या वर्षी नव्या तुकडीला तोच दुकानदार ओळखही दाखवत नाही. निकाल काहीही लागो, परतल्यापासून पंधरा दिवसांच्या आत प्रत्येक देणाऱ्याला जमाखर्चाचे एक पान, यंत्राचे छायाचित्र आणि त्याने दिलेला भाग नेमका कुठे बसवला होता याची खूण द्यावी. बेअरिंग तुटले असेल तर तेही लिहावे. विकणाऱ्याला ती माहिती हवी असते. वचन दिलेले प्रात्यक्षिक ठरल्या दिवशी करावे. यंत्र सुटे करून मोटारी, बोर्ड, बॅटऱ्या साठा-नोंदवहीत चढवाव्यात, म्हणजे पुढच्या तुकडीला त्या पुन्हा मागाव्या लागत नाहीत आणि दुसऱ्या वर्षाचे अंदाजपत्रक त्या प्रमाणात खाली येते. उरलेली रक्कम त्याच शीर्षाखाली पुढे ओढावी. ती वाटून घेऊ नये आणि निरोपसमारंभावरही खर्च करू नये. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी जाण्याआधी दुसऱ्या वर्षाच्या दोघा-तिघांना बरोबर घेऊन त्यांनी प्रत्येक प्रायोजकाकडे एकदा जाऊन यावे, आणि वही त्यांच्या हवाली करावी: कोणी काय दिले, कोण काय म्हणाला, कोणाकडे कोणत्या महिन्यात जायचे.